सत्तावीस पुरचुंड्या

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार

विजयमाला गहिनीनाथ चौरे, तुझ्या निधनास आज चौतीस दिवस पूर्ण झाले. मृत व्यक्तीस उद्देशून लिहिणे तर्काला धरून नाही, हे मला मान्य आहे. तथापि जे काम तुझे होते त्याचे वृत्त अन्य कोणास कळवावे हे सुचत नाही, म्हणून ही वही.

आज घाटनांदूरला जाऊन तुझी खोली उघडली. अकरा वर्षे तू दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाजोगाईहून सकाळच्या बसने तिकडे जात होतीस. माहेरचे गाव, चार बायका, काही हस्तकला, एवढेच मी त्यासंबंधी जाणत होतो. अधिक विचारले नव्हते. खोली स्टेशन रस्त्यावर धुळाजींच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानामागे आहे. एक खिडकी, लोखंडी कपाट, जाजम, कवड्यांच्या पाठी घासून भोक पाडण्याचा दगड, सुताचे गुंडे आणि अर्धे पोते कवड्या.

गीताबाई तेथे होत्या. तुझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून काम करणाऱ्या त्या याच, हे त्यांनाच मला सांगावे लागले. तुळजाभवानीच्या आराधी स्त्रिया गळ्यात घालतात त्या कवड्यांच्या माळा तू ओवत होतीस. यंदा सव्वीस माळांचा शब्द तू दिलेला आहे आणि घटस्थापना ३ ऑक्टोबरला आहे. दिवाळीनंतर गीताबाई आणि त्यांचे यजमान अभिमन्यू ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर जातील. खोली पुढे चालवणारे कोणी नाही. धुळाजींना तिथे टायर ठेवावयाचे आहेत. घाई नाही, असे त्यांनी तीनदा सांगितले, त्यावरून ती असावी.

सव्वीस माळा पूर्ण करून खोली सोडावी, असे मी ठरवले. गीताबाईंनी विचारले, "सर, तुमाला जमंल का?"

मी एकतीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले असून कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगाईचे कवच होय, असे मी त्यांना सांगितले.

"मंग बसा," त्या म्हणाल्या.

१९ ऑगस्ट, सोमवार

गीताबाई राखीसाठी भावाकडे पालीला गेल्या. शुक्रवारी येतील. मी एकटाच होतो.

पोते जाजमावर ओतले. व्यापाऱ्याने दोन जाती सरमिसळ पाठवल्या आहेत. एक पिवळसर, पाठीवर उंचवटे असलेली, जिचे नाणे म्हणून चलन होते. दुसरी जरा गोल, पाठीवर नारिंगी कडे असलेली. दोन्ही उष्ण समुद्रातील उथळ प्रवाळ खडकांवर राहतात. बीड जिल्ह्यातल्या एकाही माणसाने त्या जिवंत पाहिलेल्या नसतील; मीही पाहिलेल्या नाहीत. जिवंतपणी हा प्राणी आपल्या मांसल प्रावाराने कवच बाहेरून पूर्ण झाकून घेतो आणि त्यावर सतत नवा थर चढवीत राहतो. म्हणून कवडीला चकाकी असते. प्राणी मेल्यावर ओरखडा पडला तर तो पडलेलाच राहतो.

व्हर्निअरने मापे घेऊन जातीनुसार आणि लांबीनुसार सहा ढीग केले. तुमच्या कामात अशी पद्धत नव्हती, असे दिसते. आराधींच्या गळ्यातील माळांत मोठ्या, लहान, दोन्ही जातींच्या कवड्या कशाही ओवलेल्या असतात.

२० ऑगस्ट, मंगळवार

कपाटात स्टीलचा डबा सापडला. त्यात कापडाच्या सत्तावीस पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीत एकच कवडी. सर्व जुन्या : झिजलेल्या, पिवळ्या पडलेल्या, दोन तडकलेल्या. कापड म्हणजे निरनिराळ्या जुन्या लुगड्यांचे तुकडे. कोणत्याही पुरचुंडीवर चिठ्ठी नाही, डब्यात यादी नाही. तुझ्यासारख्या व्यवस्थित स्त्रीने अशी साठवण करावी, याचे आश्चर्य वाटले.

सर्व सोडल्या. कवड्या साबणाच्या पाण्यात धुऊन, पुसून, मोजून बरणीत भरल्या. पहिल्या जातीच्या बावीस, दुसऱ्या जातीच्या पाच. बरणीवर 'दुय्यम प्रत' अशी चिठ्ठी लावली. कापडाचे तुकडे धुळाजींना दिले. ते वर्तमानपत्राला हात पुसत होते.

"लई बेस झालं, सर," ते म्हणाले. "सुती हाय. सुती तेल पितंय."

दिवसभराच्या कामाने समाधान वाटले. बऱ्याच दिवसांनी दोन पोळ्या गेल्या.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

गीताबाई आल्या. ढीग पाहिले. कपाट उघडले, डबा हलवून पाहिला, झाकण काढले. नंतर डबा उपडा करून पाहिला, जणू तळाला काही चिकटून राहिले असावे. मी बरणी दाखवली.

त्या खाली बसल्या. त्यांनी विचारले, "सर, फडकी कुटं हायेत?"

त्यांनी जे सांगितले ते नीट लिहून ठेवणे आवश्यक आहे. आराधी स्त्री वारली की तिची माळ तुळजापूरला देवीकडे परत जाते. त्यातली एक कवडी मात्र घरात ठेवतात. सुनेची माळ ओवताना ती कवडी सर्वांत आधी ओवावयाची, मग बाकीच्या नव्या. माळ सांगावयास येताना सुना ती कवडी सासूच्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणीत आणि तुझ्या हातात देत. कोणते लुगडे कोणाचे, हे तुला पाठ होते. म्हणून चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी होतीच, ती मला वाचता आली नाही.

आम्ही दुकानात गेलो. धुळाजींनी टपाच्या मागून तीन चिंध्या काढल्या, तेलाने काळ्या झालेल्या. बाकीच्या जुन्या ट्यूबबरोबर जाळल्या होत्या. "तुमीच म्हनलात, टाकाऊ हायेत म्हनून," ते म्हणाले, आणि गीताबाईंचा चेहरा पाहून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

गीताबाईंनी तिन्ही चिंध्या सोडा लावून धुतल्या. एकीचा हिरवा काठ दिसू लागला. तो भिवराबाईंच्या सासूचा, असे त्या म्हणाल्या. पण कवडी कोणती, हे काठावरून आता कळण्यासारखे नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

गीताबाईंनी बोटे मोजून सव्वीस घरांची आणि त्या घरच्या वारलेल्या सासवांची नावे सांगितली, ती मी लिहून घेतली. सत्ताविसावी कवडी कोणाची, असे विचारले असता "असंल कुनाची तरी" म्हणाल्या आणि उठून चहा ठेवला.

चहा घेताना त्यांनी एक मार्ग सुचवला. कोणाला काही कळवू नये. "कवडीवर नाव लिवलेलं न्हाई, सर. सव्वीस जनींला सव्वीस देऊन टाकू. कुनाला कळतंय?"

मी म्हणालो, मला कळेल.

"तुमी तर हे मानतच न्हाईत," त्या म्हणाल्या. "मंग तुमाला कावून तरास?"

बसमध्ये आणि घरी आल्यावरही मी यावर विचार केला. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. माझ्या मते एक कवडी आणि दुसरी कवडी यांत माप आणि जात यांखेरीज भेद नाही. त्यामुळे खोटे सांगण्याने कोणाचे काही हरवत नाही. जी भक्तीने मानते ती झाकून ठेवा म्हणते आणि जो मानत नाही तो सांगा म्हणतो, ही स्थिती विपरीत आहे. तरीही मला ते जमणार नाही. त्या स्त्रियांनी आपली वस्तू तुझ्याकडे ओळखीवर ठेवली होती. ती ओळख मी पुसली. हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. मग त्यांनी माळ नाकारली तर तो त्यांचा अधिकार आहे आणि तुझा शब्द माझ्यामुळे मोडला, असे होईल.

शेवटचे वाक्य लिहून झाल्यावर दिवा बंद केला नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. पाऊस जोराचा. तरी धुळाजींच्या भावाचे बैल दुकानापुढून गेले. कपाळावर कवड्यांचे पट्टे, शिंगांना रंग, पायांना चिखल. पट्टे तू केलेले, असे धुळाजी म्हणाले.

पावसामुळे खोलीतच बसून राहावे लागले. मी गीताबाईंना कवडीच्या उपयोगांविषयी थोडे सांगितले. जुन्या काळी बाजारात ती चाले, वैद्य तिचे भस्म करून पोटाच्या विकारावर देतात, सारीपाटात फाशांऐवजी टाकतात. त्यांनी ऐकून घेतले. मग मी हेही सांगितले की १९९६ साली माझी आई वारली तेव्हा तिची कवड्यांची माळ मी तुळजापूरला न पाठवता महाविद्यालयाच्या संग्रहालयास दिली. काळ्या मखमलीच्या फळ्यावर लावून, खाली माझ्या हस्ताक्षरात शास्त्रीय नाव. त्यामुळे कोणाचे काही वाईट झाले नाही. तूही त्या वेळी काही हरकत घेतली नव्हतीस.

गीताबाईंनी हातातला दोरा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले, आणि दोरा पुन्हा उचलला.

"न्हाई घेतली," त्या म्हणाल्या.

९ सप्टेंबर, सोमवार

आजपर्यंत चौदा घरे झाली. गीताबाई बरोबर येतात, पण सांगावयाचे ते मीच सांगतो. दारात उभे राहून प्रथम माझे नाव, मग घटना, मग क्षमायाचना, या क्रमाने. पहिल्या घरी मी हे लिहून नेले होते. गीताबाई म्हणाल्या, कागद बघून माफी मागितली तर तलाठी आल्यासारखे वाटते.

बहुतेक ठिकाणी पाणी दिले गेले. दोन स्त्रिया रडल्या. एकीने पूर्ण ऐकून घेऊन दार लावले. एकीने विचारले, म्हणजे आमच्या आत्याबाई आता कोणत्या बरणीत आहेत?

भिवराबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. वय ऐंशीच्या आसपास. त्यांच्या सासूची कवडी नातसुनेसाठी ठेवलेली आहे. त्यांनी मला मध्येच थांबवले.

"साबनानं धुतल्या?"

मी होय म्हणालो.

"म्हंजी माज्या सासूला तुमी आंगुळ घातली." त्या हसू लागल्या आणि खोकला येईपर्यंत हसल्या. "जित्यापनी ती कुनाला आंगाला हात लावू देत नव्हती. डोस्कं बी आपलं आपन धुवायची. आन् मेल्यावर सरांच्या हाती घावली."

मी धुतलेला हिरव्या काठाचा तुकडा त्यांना दिला. त्या हसावयाच्या थांबल्या. तो त्यांनी दोन बोटांत धरून चोळून पाहिला आणि कमरेला खोचला. पुढे काय, असे मी विचारले असता म्हणाल्या, सगळ्यांकडे जाऊन या आधी.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज विजयसिंह यांच्याकडे. मोठे जमीनदार, पंचायत समितीच्या राजकारणात नाव. त्यांच्या आई वनमालाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. माळ पत्नी करिष्मा यांच्यासाठी सांगितलेली. अंगणात दहा-बारा माणसे कामासाठी बसली होती. विजयसिंह यांनी मला खुर्ची दिली, त्या सर्वांसमोर सांगू दिले, आणि सांगून झाल्यावर शांतपणे बोलले.

"सर, तुमी मला बारावीच्या प्रात्यक्षिकात नापास केलतं. ध्यानात हाय का?"

मला स्मरत नव्हते.

"दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या माज्या हातून इकडच्या तिकडं झालत्या. मी म्हनलं, सर, आतलं तर तेच हाय की. तुमी म्हनलात, चिठ्ठी गेली की नमुन्याला काय किंमत न्हाई." ते थोडे पुढे झुकले. "माज्या आईची चिठ्ठी तुमी पंक्चरवाल्याला पुसाया दिली."

मी म्हणालो, "आपले म्हणणे बरोबर आहे."

"बरोबर हाय ते मला बी म्हाईत हाय. त्याचं आता करू काय?"

विजयसिंह म्हणाले, माळ नको, सांगितली नव्हती असे समजा. मी उठलो. घराच्या दारात करिष्माबाई उभ्या होत्या. मला पाहून त्या आत गेल्या.

परतताना गीताबाईंनी विचारले, तुम्ही खरेच तसे म्हणाला होतात का. मी म्हणालो, स्मरत नाही, पण ते वाक्य माझेच आहे. मी ते दर वर्षी म्हणत असे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काम केले नाही. घरीच. तुझ्या कपाटातील लुगडी पाहिली. तू लुगडे नेसत नव्हतीस. त्या साड्या आहेत. शब्द नीट वापरला पाहिजे.

१८ सप्टेंबर, बुधवार

सव्वीस घरे पूर्ण झाली. नकार स्पष्टपणे एकाच घरी. बाकीच्यांनी होय म्हटलेले नाही, नाही म्हटलेले नाही. मला हे उत्तर समजत नाही. गीताबाई म्हणतात, समजून घ्यावयाची घाई नको.

आजपासून पितृपंधरवडा. भिवराबाईंचा निरोप आला आहे की पुढच्या मंगळवारी सर्व जणी खोलीवर येतील. पंधरवड्यात असे काही करतात का, असे मी विचारले. निरोप घेऊन आलेल्या त्यांच्या नातसुनेने, ऋतुजाने, सांगितले, "आजी म्हनली, पंधरवडा त्यांचाच हाय, सासवांचा. त्या आल्यातच तर समदं आत्ताच निस्तरून घ्या."

२४ सप्टेंबर, मंगळवार

हे सविस्तर लिहीत आहे, कारण काही बाबतींत माझे निरीक्षण अपुरे पडले असण्याची शक्यता आहे.

मी पांढऱ्या कागदावर सत्तावीस कवड्या ओळीत मांडून प्रत्येकीखाली क्रमांक लिहिला होता. दहाच्या सुमारास पंचवीस स्त्रिया आल्या. खोलीत मावेनात, तेव्हा धुळाजींनी दुकानातली वाहने बाहेर काढून जागा करून दिली आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन बसले. प्रत्येकीने परडी आणली होती. जोगवा मागताना आराधी जी वेताची टोपली नेतात ती. कशासाठी, हे मला कळले नाही.

सहा जणींनी आपापली कवडी ओळखली. एकीच्या सासूची कवडी विस्तवाजवळ काळवंडलेली होती, एकीच्या कवडीला दोन भोके होती, एकीने केवळ जीभ लावून पाहिली आणि "हीच" म्हणाली. या शेवटच्या पद्धतीला मी आधार देऊ शकत नाही. एका कवडीवर दोघींनी हक्क सांगितला आणि एकमेकींच्या सासवांची बरीच माहिती उपस्थितांना दिली. शेवटी दोघी हसल्या आणि एकीने हात मागे घेतला. उरलेल्या कागदाभोवती बसून राहिल्या. मी पुन्हा एकदा क्षमा मागावयास सुरुवात केली.

"आता पुरे," भिवराबाई म्हणाल्या. "सर, मला यक सांगा. जोगवा मागाया आमी पाच घरं जातो. पाची घरचं पीठ याच परडीत पडतं. त्यातलं कुठलं पीठ कुन्या घरचं, हे कुनी निवडलंय का?"

मी नाही म्हणालो.

"निवडायचं नस्तंयच. आमच्या सासवा जल्मभर एकीमेकीच्या दारात जोगव्याला गेल्या. एकीची कवडी दुसरीच्या घरी गेली तर त्या तिथं परक्या न्हाईत." त्यांनी आपली परडी पुढे सरकवली. "मिसळल्या तुमी. वाढा बी तुमीच."

मी उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी जोगवा वाढलेला नाही. आईच्या काळात आई वाढी, नंतर दार लावून घेतले जाई. मी कागदावरून एक कवडी उचलून परडीत ठेवली.

"नुस्ती टाकू नका. नाव घ्या."

कोणाचे, असे मी विचारले. सासूचे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा मी माझी यादी घेतली आणि हजेरी घ्यावी तशी एकेक नाव वाचून एकेका परडीत कवडी ठेवत गेलो. नाव वाचले की ती सून "हाय" म्हणे. हे कोणी ठरवलेले नव्हते. पहिलीने म्हटले म्हणून दुसरीने म्हटले. ज्यांनी कवडी ओळखली होती त्यांनीही ती कागदावर परत ठेवून माझ्या हातून नावानिशी घेतली.

पंचवीस नावे झाली. वनमालाबाईंचे नाव मी वाचले नाही. मी यादीची घडी घालत असताना मागून कोणी म्हणाले, "आमचं ऱ्हायलं की सर."

करिष्माबाई दारात उभ्या होत्या. स्कूटीवर आल्या होत्या; डोक्याला रुमाल बांधलेला, हातात परडी. विजयसिंह यांना ठाऊक आहे का, असे मी विचारले.

"त्यांच्या आईची माळ मी घालनार हाय, त्ये न्हाई," त्या म्हणाल्या. "वाचा नाव."

मी वाचले. त्या "हाय" म्हणाल्या.

कागदावर एक कवडी उरली. हिचे नाव माझ्या यादीत नाही, असे मी सांगितले. स्त्रियांनी गीताबाईंकडे पाहिले. गीताबाईंनी भिवराबाईंकडे पाहिले.

"यादी तुमची हाय," भिवराबाई म्हणाल्या. "बाईची न्हाई. ही वत्सलाबाईची."

माझ्या आईचे नाव वत्सलाबाई.

त्यांच्याकडून मला जे समजले ते असे. आईची माळ मी संग्रहालयास दिली त्याच वर्षी, मी परीक्षेच्या कामाने औरंगाबादला असताना, तू महाविद्यालयात गेली होतीस. परिचर शहादेव यांच्याकडून काचेची पेटी उघडून घेऊन तू एक कवडी सोडवलीस, आणि मोजणीत कमी भरू नये म्हणून तिच्या जागी बाजारातली नवी शिवलीस. फळ्यावर एक कवडी अधिक का चकाकते, असे एका विद्यार्थिनीने मला पुढे विचारलेले मला स्मरते. मी तिला प्रावाराच्या थरांविषयी सांगितले होते.

मी बसलो. कोणीतरी पाणी दिले. स्त्रिया एकेक करून निघाल्या. जाताना भिवराबाई थांबल्या.

"तुमी आला नसता तर आमाला कळलं बी नसतं. कावून आलात?"

मी म्हणालो, "घडले होते म्हणून."

त्यांनी मान हलवली. "बाई म्हनायच्या तसंच हायेत," एवढेच म्हणाल्या. तू काय म्हणत होतीस, हे मी विचारावयास हवे होते. त्या रस्ता ओलांडेपर्यंत मला सुचले नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

गीताबाईंनी घरून एक माळ आणली. कोऱ्या कापडात गुंडाळलेली. तुझी. दोऱ्यावर झिजेची काहीही खूण नाही, कवड्यांना घामाचा पिवळेपणा नाही. ही माळ कधी वापरली गेलेली नाही. सुरुवातीला एका कवडीएवढी जागा मोकळी आहे.

"अकरा वर्सं तयार हाय," गीताबाई म्हणाल्या. "माळ घरच्या मानसाच्या हातानं गळ्यात घालायची आस्ती. बाई म्हनायच्या, इचारीन यकदा."

मला कधी विचारले नाही, असे मी म्हणालो.

"व्हय," त्या म्हणाल्या. "न्हाई इचारलं."

२६ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर

ओवणे चालू. पहिली कवडी सासूची, मग बाकीच्या. मी केलेले सहा ढीग गीताबाईंनी पहिल्याच दिवशी पायाने एक केले. मी पाठी घासतो. अंगठ्याला फोड आला आहे. करिष्माबाईंच्या माळेचा दोरा त्या स्वतः वळावयास घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आणून दिला. सव्वीस पूर्ण.

२ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री अमावास्या. दुपारपर्यंत सव्वीस माळा गेल्या. बहुतेकींनी आपण होऊन माणूस पाठवला. विजयसिंह यांची गाडी आली. ते उतरले नाहीत, पण काच खाली करून नमस्कार केला. मीही केला.

सत्ताविसावी कवडी तुझ्या माळेतल्या मोकळ्या जागी मी ओवली. भोक बारीक होते आणि दोरा तीनदा पिळावा लागला. गीताबाईंनी मदत केली नाही. गाठ मात्र तपासली आणि पुन्हा मारावयास सांगितली.

उरलेल्या कवड्या, दगड आणि सूत गीताबाईंकडे दिले. कपाट धुळाजींच्या माणसांनी बाहेर काढून माझ्यासाठी टेम्पोत चढवले. खोली झाडली. आता फक्त माळ राहिली. ती मी कापडात गुंडाळून पिशवीत ठेवू लागलो, तेव्हा गीताबाई म्हणाल्या की ओवलेली माळ पिशवीत घालून नेत नाहीत. खालीही ठेवत नाहीत. कशी न्यावी, असे मी विचारले.

"गळ्यात घालून. घरी गेल्यावर देवापुढं ठिवा. घातली म्हनून कोन आराधी व्हत न्हाई, सर."

घरी देवघर तुझेच आहे. मी काही वेळ ती हातात धरून उभा राहिलो. बसची वेळ झाली होती. दाराची कडी ताठ आहे, एका हाताने ओढली जात नाही. माळ गळ्यात घातली, दोन्ही हातांनी दार ओढून घेतले, कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या धुळाजींना परत दिल्या.